मराठा लाइट इन्फंट्रीच्या पर्वतीय लढाया

मराठा लाइट इन्फंट्रीच्या पर्वतीय लढाया या लेखात प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धात (१९३९–१९४५) या रेजिमेंटच्या पलटणींनी इरिट्रिया, नागा टेकड्या आणि इटलीतील ॲपेनाइन पर्वतराजी येथे लढलेल्या लढायांची माहिती दिली आहे. त्या काळी या रेजिमेंटचे अधिकृत नाव ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ असे होते. तिच्या भरतीक्षेत्रात तत्कालीन सातारा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्याला आणि सांगली जिल्ह्याच्या मोठ्या भागाला, महत्त्वाचे स्थान होते. युरोपातील अनेक देशांनी पर्वतीय युद्धासाठी गिर्यारोहण व स्कीइंग जाणणारे खास पायदळ उभारले होते. मराठा पलटणी तशा खास पर्वतीय पलटणी नव्हत्या. त्या साध्या पायदळाच्या पलटणी होत्या. तरीही त्यांच्या सर्वांत कठीण लढायांपैकी अनेक लढाया डोंगरांवरच झाल्या.

## पार्श्वभूमी

### जगातील पर्वतीय व स्की पायदळ

पर्वतीय युद्धासाठी वेगळे पायदळ असावे ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्प्स पर्वताच्या परिसरात रुजली. इटलीने १८७२ मध्ये ‘अल्पिनी’ हे पर्वतीय पायदळ स्थापन केले. त्यासाठी आल्प्सच्या खोऱ्यांतील रहिवाशांचीच भरती केली जाई. फ्रान्सने १८८८ मध्ये ‘शासर आल्पँ’ ही दले उभारली, तर जर्मनी व ऑस्ट्रियानेही अशीच दले तयार केली. १९३९–४० च्या हिवाळी युद्धात फिनलंडच्या स्कीवरील सैनिकांनी संख्येने कितीतरी मोठ्या सोव्हिएत सैन्याला बर्फाच्छादित अरण्यांत जेरीस आणले. त्यानंतर इतर देशांचेही या प्रकारच्या सैन्याकडे लक्ष वेधले. अमेरिकेने कोलोरॅडोतील कॅम्प हेल येथे स्कीपटू व गिर्यारोहकांना प्रशिक्षण देऊन दहावी माउंटन डिव्हिजन तयार केली. तिने फेब्रुवारी १९४५ मध्ये इटलीतील रिव्हा रिज व माउंट बेल्व्हेदेरे येथे लढाया केल्या.

या दलांची वैशिष्ट्ये साधारणपणे सारखी होती : हलकी शस्त्रे, सुटी करून जनावरांच्या पाठीवर लादता येणाऱ्या तोफा, रस्त्यांवाचून चालणारी पुरवठाव्यवस्था आणि लहान तुकड्यांना स्वतंत्रपणे लढण्याची सवय.

### ब्रिटिश भारतातील स्थिती

ब्रिटिश भारतीय सैन्यात स्की पायदळ नव्हते. मात्र वायव्य सरहद्दीवरील डोंगराळ मुलखात पलटणी आळीपाळीने तैनात होत असल्यामुळे डोंगरी लढाईचे काही नियम सर्वसाधारण पायदळाच्या अंगवळणी पडले होते. दरीतून कूच करताना दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर आधी पहारे बसवणे, पाण्याचा साठा जपणे आणि खेचरांवरून रसद नेणे हे त्यांतील प्रमुख नियम होत. खेचरांवरून वाहून नेण्याच्या तोफांच्या ‘माउंटन बॅटऱ्या’ही भारतीय सैन्यात होत्या.

मराठा पलटणींचा आरंभ ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात झाला. त्यांतील सर्वांत जुनी पलटण १७६८ मध्ये उभी राहिली; ती पुढे ‘जंगी पलटण’ या नावाने ओळखली गेली. १७६९ च्या सुमारास उभारलेली दुसरी पलटण ‘काळी पाचवी’ या नावाने प्रसिद्ध आहे. बलुचिस्तानातील काहून येथील डोंगरी किल्ल्याचे १८४० मध्ये याच पलटणीने संरक्षण केले. १९२२ च्या पुनर्रचनेत विविध मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणण्यात आल्या आणि बेळगाव हे तिचे प्रशिक्षण केंद्र झाले. ‘लाइट इन्फंट्री’ म्हणजे हलके पायदळ. जलद चाल आणि विखुरलेल्या तुकड्यांनी लढण्याची पद्धत हे त्याचे मूळ वैशिष्ट्य होय.

## भरतीक्षेत्र : सातारा व सांगली

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. सांगली, मिरज, जत, औंध व फलटण ही संस्थाने होती. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. त्यामुळे युद्धकाळातील नोंदींत ‘सातारा जिल्हा’ असा निर्देश असलेला सैनिक आजच्या सांगली जिल्ह्यातील असू शकतो. जुन्या नोंदी वाचताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

मराठा सैनिकांच्या डोंगरी लढाईतील कौशल्याचा संबंध अनेकदा शिवकालीन मावळ्यांशी जोडला जातो. जावळीच्या खोऱ्यात १६५९ मध्ये झालेले प्रतापगडाचे युद्ध हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. रेजिमेंटनेही ही परंपरा अभिमानाने जपली असून छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष ही तिची युद्धघोषणा आहे. मात्र भरतीची कारणे या परंपरेपुरती मर्यादित नव्हती. माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेतील भागांत पाऊस अपुरा, जमीन हलकी आणि वाटण्यांमुळे शेते लहान होत गेलेली. ज्या घरात शेतीवर सर्वांचे पोट भरत नसे, त्या घरातील एक मुलगा मुंबईच्या गिरणीत किंवा पलटणीत जाई. दरमहा घरी येणारी मनीऑर्डर आणि निवृत्तीनंतरचे पेन्शन यांचे मोल अशा कुटुंबांना फार मोठे होते. भरती होणारे सर्व जण सह्याद्रीच्या कड्याकपारींतील रहिवासी होते असेही नाही. पूर्वेकडील पठारी गावांतूनही जवान येत. डोंगरावर लढण्याची त्यांची क्षमता बव्हंशी प्रशिक्षणातून व प्रत्यक्ष अनुभवातून आलेली होती.

सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव या लष्करी परंपरेसाठी विशेष प्रसिद्ध असून ते ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या गावातील ४६ सैनिक मरण पावले. त्यांचे स्मारक गावात आहे.

### प्रतिसरकारचा काळ

ज्या वर्षांत सातारा जिल्ह्यातील जवान ब्रिटिश सैन्यात लढत होते, त्याच वर्षांत त्यांच्या जिल्ह्यात ब्रिटिश सत्तेविरुद्ध भूमिगत लढा चालू होता. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार स्थापन झाले. १९४३ ते १९४६ या काळात त्याने अनेक गावांत स्वतःची न्यायव्यवस्था चालवली. कुंडल हे त्याचे महत्त्वाचे केंद्र होते आणि जी. डी. बापू लाड व नागनाथअण्णा नायकवडी हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते होते. सैन्यभरती आणि स्वातंत्र्यलढा या दोन्ही गोष्टी एकाच समाजात, शेजारशेजारच्या गावांत घडत होत्या. याच कारणाने स्वातंत्र्यानंतर बराच काळ दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या कामगिरीला सार्वजनिक स्मृतीत स्वातंत्र्यसैनिकांइतके स्थान मिळाले नाही.

## केरेनची लढाई (१९४१)

इरिट्रिया ही तेव्हा इटलीची वसाहत होती. सुदानमधून आत शिरलेल्या ब्रिटिश व भारतीय सैन्याला अस्मारा व मसावा गाठण्यासाठी केरेनची घाटवाट ओलांडणे भाग होते. केरेन शहर सुमारे १,४०० मीटर उंचीवर, म्हणजे साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर, वसलेले आहे. तेथे जाणारा रस्ता व लोहमार्ग डोंगोलास नावाच्या अरुंद खिंडीतून जातात. खिंडीच्या एका बाजूला सांचिल शिखर व त्याच्या रांगा, तर दुसऱ्या बाजूला डोलोगोरोदोक किल्ला होता. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर इटालियन सैन्य ठाण मांडून बसले होते. त्यात अल्पिनी सैनिकांची ‘उओर्क अंबा’ ही पलटणही होती. अशा रीतीने आल्प्समधील खास पर्वतीय पायदळ आणि दख्खनच्या पठारावरील हलके पायदळ एकाच रणक्षेत्रावर परस्परांविरुद्ध उभे राहिले.

ही लढाई ३ फेब्रुवारी ते २७ मार्च १९४१ या काळात चालली. फेब्रुवारीतील हल्ल्यांना निर्णायक यश आले नाही. उतार उघडे, खडकाळ व काटेरी झुडपांनी भरलेले होते. पाणी, दारूगोळा व अन्न माणसांनाच डोक्या-खांद्यावरून वर न्यावे लागे. प्रत्येक पलटणीतील साधारण एक कंपनी केवळ हमालीच्या कामाला लावावी लागत असे, त्यामुळे प्रत्यक्ष लढणाऱ्यांची संख्या तेवढीच कमी होई.

१५ मार्च रोजी अंतिम हल्ला सुरू झाला. सांचिलच्या बाजूने चौथ्या भारतीय डिव्हिजनने, तर डोलोगोरोदोकच्या बाजूने पाचव्या भारतीय डिव्हिजनने चढाई केली. डोलोगोरोदोकवर सकाळी गेलेली स्कॉटिश पलटण समोरच्या उंचवट्यांवरून होणाऱ्या माऱ्यामुळे दिवसभर उन्हात अडकून पडली. संध्याकाळी नवव्या ब्रिगेडला पुढे पाठवण्यात आले. या ब्रिगेडमधील मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीने लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्या नेतृत्वाखाली रात्री ‘पिनॅकल’ हे सुळक्यासारखे शिखर काबीज केले. किल्ल्याच्या वाटेवरील ‘पिंपल’ ही टेकडीही त्याच रात्री हाती आली. पहाटे इटालियन सैन्याने या दोन्ही ठाण्यांवर जोरदार प्रतिहल्ला केला आणि तो काही तास चालला. किल्ल्यातील शिबंदी या प्रतिहल्ल्यात गुंतलेली असताना वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या पलटणीने दुसऱ्या बाजूने चढून १६ मार्चच्या सकाळी किल्ला घेतला. पिनॅकलचा ताबा ही केरेनच्या लढाईतील निर्णायक घटना मानली जाते. रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे ‘काळी पाचवी’, हीदेखील केरेनच्या लढाईत सहभागी होती.

त्यानंतरही सांचिल पडले नाही. मात्र डोलोगोरोदोक हाती आल्याने खिंडीवर नजर ठेवणे शक्य झाले. अखेर अभियंता दलाने सुरुंगाने फोडलेला रस्ता मोकळा केला आणि २७ मार्च रोजी केरेन जिंकले गेले. या लढाईत ब्रिटिश व राष्ट्रकुल सैन्याचे ५३६ जण ठार आणि ३,२२९ जण जखमी झाले. इटालियन सैन्याचे सुमारे ३,००० जण मृत्युमुखी पडले. केरेन येथील युद्ध दफनभूमीत हिंदू व शीख सैनिकांसाठी स्वतंत्र दहनस्मारक आहे.

## सांगशाकची लढाई (१९४४)

मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्याने इंफाळ व कोहिमाच्या दिशेने चढाई केली. मणिपूरमधील उख्रुलजवळ सांगशाक या नागा गावाच्या टेकडीवर पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने त्यांची वाट अडवली. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण या ब्रिगेडच्या हाताखाली देण्यात आली होती.

टेकडीवर पाण्याचा पुरेसा साठा नव्हता. जमिनीखाली लगेच कठीण खडक लागत असल्याने खोल खंदक खणता येत नव्हते. विमानांतून टाकलेली बरीचशी रसद जपानी सैन्याच्या हद्दीत पडत होती. अशा स्थितीत ही लढाई सहा दिवस चालली. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला आणि वाचलेले सैनिक जंगलातून लहान लहान गटांनी इंफाळकडे निघाले. टेकडी गमवावी लागली, परंतु या विलंबामुळे कोहिमा व इंफाळ येथे कुमक पोहोचण्यास अमूल्य वेळ मिळाला.

## इटलीची मोहीम (१९४३–१९४५)

इटलीच्या मध्यभागातून ॲपेनाइन पर्वताचा कणा जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांनी असंख्य नद्या वाहतात. उत्तरेकडे सरकणाऱ्या दोस्त सैन्याला एक डोंगर घेतला की नदी आणि नदी ओलांडली की पुन्हा डोंगर, अशा क्रमाने पुढे जावे लागले. जर्मन सैन्याने या भूरचनेचा संरक्षणासाठी पुरेपूर वापर केला. पावसाळ्यात व हिवाळ्यात रस्ते चिखलाने बंद पडत, तेव्हा मोटारींऐवजी खेचरांचे तांडे रसद पोहोचवीत. अखेरच्या चढावर तीही चालेनाशी झाली की माणसेच ओझी वाहत.

रेजिमेंटची पहिली पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली. सांग्रो नदी, कॅसिनोजवळील गारी नदी आणि १९४४ च्या शरद ऋतूत ॲपेनाइनमधील ‘गॉथिक रेषा’ या ठिकाणी ती लढली. डिसेंबर १९४४ मध्ये सेर्किओ खोऱ्यात जर्मन हल्ल्यामुळे अमेरिकी आघाडी मागे हटली, तेव्हा याच डिव्हिजनच्या ब्रिगेड तेथे धाडण्यात आल्या. तिसरी पलटण दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. केरेनला याच पलटणीचे नेतृत्व केलेले डेनिस रीड आता मेजर जनरल म्हणून या डिव्हिजनचे प्रमुख होते.

इटलीच्या मोहिमेत भारतीय सैनिकांना सहा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्यांपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीच्या सैनिकांचे आहेत.

* नाईक यशवंत घाडगे (तिसरी पलटण) : हे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे रहिवासी होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील इतर सर्व जण मशीनगनच्या माऱ्यात ठार वा जखमी झाले. घाडगे यांनी एकट्याने ठाण्यावर धाव घेतली, हातबॉम्ब टाकून मशीनगन निकामी केली आणि गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या शत्रूंशी झुंज दिली. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते मरण पावले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. तेव्हा ते २२ वर्षांचे होते.
* शिपाई नामदेव जाधव (पहिली पलटण) : हे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बांधावरील हल्ल्यात त्यांनी दोन जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित स्थळी नेले. त्यानंतर त्यांनी शत्रूची तीन मशीनगन ठाणी नष्ट केली आणि बांधावर उभे राहून युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांचे निधन १९८४ मध्ये झाले.

इटलीत एकूण ५,७८२ भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. दहन झालेल्या किंवा दफनस्थळ ज्ञात नसलेल्या अनेकांची नावे कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेली आहेत.

## स्वातंत्र्यानंतर

१९४७–४८ च्या काश्मीर युद्धात ब्रिगेडियर मोहंमद उस्मान यांच्या पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी (पॅराशूट) पलटण होती. डिसेंबर १९४७ मध्ये हातचे गेलेले झांगर मार्च १९४८ मध्ये परत घेण्यात या पलटणीचा वाटा होता. ही पलटण १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये सामील झाली.

याच युद्धाच्या अनुभवातून भारताच्या पर्वतीय प्रशिक्षणाचा पाया घातला गेला. १९४८ मध्ये गुलमर्ग येथे एकोणिसाव्या डिव्हिजनची स्की शाळा सुरू झाली. तिचेच पुढे ‘हाय ॲल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाले. १९६२ च्या चीन युद्धानंतर स्वतंत्र माउंटन डिव्हिजन उभारण्यात आल्या आणि १९६३ मध्ये ‘लडाख स्काउट्स’ हे स्थानिकांचे पर्वतीय पायदळ तयार झाले. तरीही भारताने पर्वतीय युद्ध केवळ पर्वतवासीयांवर सोपवले नाही. सर्वसाधारण पायदळाच्या पलटणी आळीपाळीने हिमालयात तैनात होतात आणि मराठा लाइट इन्फंट्रीही त्याला अपवाद नाही.

पठारावरील सैनिकाला अतिउंचीवर नेण्यापूर्वी त्याचे शरीर विरळ हवेला सरावणे आवश्यक असते. घाई केल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठून मृत्यू ओढवू शकतो. त्यासाठी भारतीय सैन्यात तीन टप्पे पाळले जातात : सुमारे २,७०० ते ३,६०० मीटर उंचीवर सहा दिवस, ४,५०० मीटरपर्यंत चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस. केरेन व ॲपेनाइनच्या लढाया याहून कमी उंचीवर झाल्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवला नव्हता.

## वारसा

सातारा येथे १९६१ मध्ये देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. साताऱ्याजवळील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे या शाळेचे माजी विद्यार्थी होते. मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न असलेल्या एक्केचाळिसाव्या राष्ट्रीय रायफल्स पलटणीचे नेतृत्व करताना नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरमधील कुपवाडाच्या डोंगराळ अरण्यात त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाल्या.

जगातील पर्वतीय पायदळाच्या इतिहासात अल्पिनी, फिनिश स्की सैनिक किंवा अमेरिकेची दहावी माउंटन डिव्हिजन यांची नावे प्रामुख्याने येतात. मराठा पलटणींचा उल्लेख बहुधा सर्वसाधारण पायदळाच्या इतिहासातच होतो, कारण त्यांना ‘पर्वतीय’ असे अधिकृत अभिधान कधी मिळाले नाही. परंतु पिनॅकल, सांगशाक आणि ॲपेनाइन येथील त्यांची कामगिरी पर्वतीय युद्धाच्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे.